काचमणी, ज्योतीवरील

काचमणी, ज्योतीवरील : काचेची कांडी ज्योतीत मऊ करून धातूच्या सळईवर गुंडाळत घडवलेले मणी. आज यासाठी गॅस-ऑक्सिजन बर्नर वापरतात. पूर्वी तेलाचा दिवा असे. व्हेनिसचे कारागीर म्हणूनच ‘सुपियालूमे’ (दिवा फुंकणारे) म्हणवले जात.

इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकातही गुंडाळलेले मणी सापडतात. मात्र ते दिव्यावर घडवले की भट्टीच्या तोंडाशी, हा वाद आहे. मणी पाहून निर्णय करणे अवघड, कारण दोन्ही रीतींत बुडबुडे व रेषा भोकाभोवती वेढे घेतात. (ओढलेल्या नळीचे तुकडे पाडून केलेल्या मण्यांत त्या भोकाला समांतर धावतात, एवढा भेद साध्या भिंगातूनही दिसतो.) सोनारांची फुंकणी (ज्योतीत हवा फुंकून ती प्रखर करणारी नळी) प्राचीन असल्याने दिव्याचा पक्ष मांडला जातो. परंतु येथे एका हातात कांडी, दुसऱ्यात फिरती सळई. फुंकणी धरायला हात उरतो कुठे? दिव्याला पायभाता जोडल्यावरच हे काम सुकर झाले असावे. त्यामुळे प्राचीन मण्यांपुरता भट्टीचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. व्हेनिसमधील दिव्यावरचे काम साधारणपणे पंधराव्या-सोळाव्या शतकापासूनचे मानतात. २०२० मध्ये इटली व फ्रान्समधील काचमण्यांची कला यूनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली.

सळईला आधी केओलीन (पांढरी चिनी माती) वा ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचे ऑक्साइड) असलेला लेप देऊन तो वाळवतात, म्हणजे मणी सुटून येतो. भोकाच्या कडा आत वळलेल्या हव्यात. काच कमी पडली की त्या धारदार राहतात व दोरा कापतात. मऊ सोडा-चुना काचेचा प्रसरण गुणांक (तापल्यावर फुगण्याचे प्रमाण) साधारण १०४, तर बोरोसिलिकेट या उष्णतारोधक काचेचा ३३ (× १०⁻⁷ प्रति °से.) असल्याने दोन्ही एका मण्यात जोडल्यास तो निवताना तडकतो. तयार मणी विद्युत् भट्टीत ठेवून अनुशीतन करतात, म्हणजे ताण निघून जावा म्हणून हळूहळू निववतात. मऊ काचेसाठी सु. ५१० °से. तापमान पुरते.

सळई मनगटाने नव्हे, अंगठा व बोटांनी फिरवतात. ती क्षणभर थांबली तरी काच खाली ओघळते व मणी एकांगी होतो. कोपरे टेबलावर टेकलेली, मनगटे सरळ, खांदे सैल अशी बैठक असावी. तापलेल्या काचेतील सोडियमची पिवळी झळाळी (५८९ नॅनोमीटर) डिडिमियमच्या (दुर्मिळ मृदा धातूंचे मिश्रण घातलेल्या काचेच्या) चष्म्याने अडते. नवशिके ज्योतीवर वाकतात ते बहुधा या चष्म्याअभावी, मणीच नीट दिसत नाही म्हणून. धूर ओढून घेणारा पंखा ज्योतीच्या मागे बसवतात, डोक्यावर नव्हे. डोक्यावरचा पंखा धूर नाकासमोरूनच वर नेतो.