स्वीट फॉर फ्लूट अँड जॅझ पियानो ट्रिओ

फ्रेंच पियानोवादक व संगीतकार क्लोद बोलिंग (१९३०–२०२०) यांची बासरी, पियानो, डबल बेस आणि ड्रम्स यांसाठीची सात भागांची रचना (‘स्वीट’ म्हणजे अशी अनेक भागांची संगीतमालिका) व तिचा १९७५ चा अल्बम. बासरी झाँ-प्येर राम्पाल यांची, बेस माक्स एदिगेर यांचा आणि ड्रम्स मार्सेल साबियानी यांचे; पियानोवर स्वतः बोलिंग. राम्पाल हे त्या काळातले पाश्चात्त्य अभिजात बासरीवादनातले सर्वांत मोठे नाव, तर बोलिंग अमेरिकी जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनचे भक्त आणि चित्रपटसंगीतात मुरलेले.

रचनेची खुबी कामाच्या वाटणीत आहे. बासरीचा सगळा भाग स्वरलिपीत लिहिलेला आहे, त्यामुळे अभिजात वादकाला ऐनवेळी काही सुचावे लागत नाही. स्विंगचा, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीचा, भार पियानो, बेस आणि ड्रम्स उचलतात. ‘बरोक अँड ब्लू’ या पहिल्या भागात हे लगेच कळते. सुरुवात अठराव्या शतकातल्या दरबारी संगीतासारखी नेटकी होते, आणि मग पियानो त्या शिस्तीतून निसटून थेट जॅझमध्ये शिरतो. बासरी मात्र आपला बाज सोडत नाही. दोघांनीही एकमेकांची नक्कल टाळली, म्हणूनच हा मेळ कृत्रिम वाटत नाही.

‘सांतिमांताल’ हा संथ भाग सर्वांत लोकप्रिय; थोडा गोडमिट्टच, पण धून विसरता येत नाही. ‘जाव्हानेझ’ पाच मात्रांच्या ठेक्यावर चालतो. झपतालाच्या दोन-तीनच्या चालीची सवय असलेल्या कानांना तो परका वाटू नये. ‘फ्युगास’मध्ये फ्यूगच्या, म्हणजे एकच धून एकामागून एक स्वरपंक्तींनी उचलण्याच्या रचनाप्रकाराच्या, धर्तीवर स्वरांचा पाठलाग आहे. ‘व्हेर्सातिल’मध्ये राम्पाल खर्जातली बेस फ्लूट हाती घेतात. ‘इरलांदेझ’ आणि अखेरचा वेगवान ‘व्हेलोस’ हे उरलेले दोन.

अमेरिकेत ‘बिलबोर्ड’ या संगीत-नियतकालिकाच्या अभिजात संगीताच्या यादीत हा अल्बम ५३० आठवडे, म्हणजे दहा वर्षांहून अधिक काळ राहिला. रॉजर ह्यूसेन यांनी काढलेले मुखपृष्ठचित्रही गाजले: एकाच पलंगावर पहुडलेले पियानो आणि बासरी. संकराला नाके मुरडणाऱ्यांना एवढा खट्याळपणा पुरेसा होता.

या यशानंतर बोलिंग यांनी हाच साचा पुन्हा पुन्हा वापरला: व्हायोलिनवादक पिंकस झुकरमन, ट्रंपेटवादक मोरीस आंद्रे आणि चेलोवादक यो-यो मा यांच्यासोबत. राम्पाल यांच्याबरोबर १९८७ मध्ये दुसरा स्वीटही आला. कसब तेच होते, पण पहिल्याइतका बोलबाला त्याचा झाला नाही.