पाण्यातली ठिणगी आणि पिवळी चांदी

सोलापुरी टेरी टॉवेल पावसाळ्यात नीट वाळला नाही की कुबट वास मारतो. हा वास ओल्या धाग्यांत वाढणाऱ्या जीवाणूंमुळे येतो. म्हणून कापडावर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवण्याची कल्पना वस्त्रोद्योगात रुजली; चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, जीवाणूंना मारक ठरतात. असे कण बहुधा रसायनं वापरून करतात: सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात सोडियम बोरोहायड्राइडसारखं एखादं द्रव्य घालायचं आणि कण चिकटू नयेत म्हणून वर आणखी एक. मला मात्र विजेची रीत जास्त आवडते. तिला चांदी, पाणी आणि वीज एवढंच लागतं.

शुद्ध पाण्यात चांदीच्या दोन तारा बुडवायच्या, त्यांना वीज जोडायची, टोकं क्षणभर टेकवायची आणि किंचित दूर करायची. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत वेल्डर जो आर्क पेटवतो, त्याचाच हा पाण्याखालचा भाऊ. टोकांमधल्या पाण्याची वाफ होते, तिच्या रेणूंमधले इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्लाझ्मा तयार होतो. तिथलं तापमान हजारो अंशांत जातं. चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते आणि २,१६२ अंशांना उकळते, त्यामुळे तारेच्या टोकाची चांदी चक्क वाफ होऊन उडते. आजूबाजूला गार पाणी असतंच. त्यात शिरताच वाफ गोठते, अणूंना मोठा गोळा बांधायला सवडच मिळत नाही. कण काही नॅनोमीटरपासून काही दहा नॅनोमीटरपर्यंतचे राहतात. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

आणि पाणी पिवळं होतं! एवढ्या लहान कणातले इलेक्ट्रॉन ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा-निळा प्रकाश शोषतात. उरलेला आपल्याला पिवळा दिसतो. सोन्याच्या तारा घेतल्या तर पाणी लालसर होतं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ गेऑर्ग ब्रेडिग यांनी १८९८ मध्ये हा प्रयोग केला, तेव्हा 'नॅनो' हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता.

कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. इथे आपल्याकडच्या बोअरचं जड पाणी घेऊन भागत नाही. त्यातले कॅल्शियमचे आयन हा भार झाकून टाकतात, कण एकमेकांना चिकटतात आणि तळाशी करडा गाळ बसतो. डिस्टिल्ड वॉटरच हवं.

या रीतीला 'रसायनाविना' म्हणतानाही मी जपूनच म्हणेन. प्लाझ्मा पाण्याचे रेणूही फोडतो. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हायड्रॉक्सिल मूलकं, म्हणजे पाण्याच्या रेणूचे अर्धवट तुकडे, तयार होतात. जस्ताच्या तारा घेतल्या तर बहुतेक झिंक ऑक्साइडच हाती लागतं. शिवाय एका ठिणगीतून निघणारा धातू अगदी थोडा, आणि कापडावरची चांदी धुण्याबरोबर हळूहळू गटारातही जाते. टॉवेलसाठी ही रीत लगेच परवडेल असं मला वाटत नाही.

सोलापूरला खरा उपयोग मला त्या हायड्रॉक्सिल मूलकांचा दिसतो. ती कमालीची क्रियाशील असतात; सूत रंगवताना वापरल्या जाणाऱ्या ॲझो प्रकारच्या कृत्रिम रंगांचे रेणू ती तोडतात. त्यामुळे रंगाईच्या सांडपाण्यातला रंग प्लाझ्माने उतरवण्याचे प्रयोग प्रयोगशाळांत होत असतात. रंग खरोखर फिका पडतो. मोठ्या टाकीसाठी मात्र अजून विजेचा खर्च आडवा येतो.