'लेट इट बी' आणि 'गेट बॅक': रिळं तीच, सिनेमे दोन

परवा एक मित्र फोनवर म्हणाला, "तुझं ते गेट बॅक बघितलं रे. बरंय, सव्वा तासात आटोपलं." मी विचारलं, मधे जेवायला उठावं लागलं नाही? कारण 'गेट बॅक' जवळपास पावणेआठ तासांचं आहे. त्याने पाहिलं होतं ते 'लेट इट बी'. चूक त्याची तरी कशी म्हणावी? बीटल्स हा बँड तोच, महिना तोच, गच्चीही तीच. त्यातून 'लेट इट बी' नावाचं गाणं आहे, अल्बम आहे, आणि 'गेट बॅक' हे गाणं दोन्हीकडे वाजतं.

जानेवारी १९६९. बीटल्सचे चौघे (जॉन, पॉल, जॉर्ज आणि रिंगो) लंडनच्या ट्विकनहॅम स्टुडिओत नव्या गाण्यांच्या तालमीला जमले, पुढे सॅव्हिल रोवरच्या स्वतःच्या ऑफिसच्या तळघरात गेले आणि ३० तारखेला त्याच इमारतीच्या गच्चीवर वाजवून मोकळे झाले. दिग्दर्शक मायकल लिंडसे-हॉग कॅमेरे घेऊन महिनाभर मागे होता. साठेक तासांची फिल्म, दीडशे तासांहून जास्त आवाज. त्यातून त्याने मे १९७० मध्ये ऐंशी मिनिटांचं 'लेट इट बी' काढलं. पुढे दिग्दर्शक पीटर जॅक्सनने तोच ढीग पुन्हा उपसला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये 'गेट बॅक'चे तीन भाग आले.

आता लोक काय सांगतात, तर 'लेट इट बी' रडकं आणि 'गेट बॅक' हसरं. मीही वर्षानुवर्षं हेच सांगत फिरायचो. कॉलेजात असताना कुणाकडून तरी आणलेल्या व्हीसीडीवर मी 'लेट इट बी' पाहिलं, तेव्हा खोलीतले दिवे लावायला कुणी विसरलंय असंच वाटलं होतं. मुळात १६ मिलिमीटरवर शूट केलेलं, थिएटरसाठी ३५ वर फुगवलेलं, आणि वर कॉपीची कॉपी. शिवाय सिनेमा लागायच्या महिनाभर आधीच पॉल बँडमधून बाहेर पडल्याची बातमी छापून आली होती. लोक मयताला आल्यासारखे बसले असणार. प्रीमियरला चौघांपैकी एकही फिरकला नाही.

पण भांडणं मोजायला बसा. जॉर्ज पॉलला वैतागून म्हणतो, तू सांगशील ते वाजवतो, नको असेल तर अजिबात वाजवत नाही. हा प्रसंग दोन्हीकडे आहे. 'लेट इट बी'त तो आगापिछा नसलेला येतो आणि जातो. 'गेट बॅक'मध्ये पडद्यावर तारीख दिसते, ६ जानेवारी. चार दिवसांनी जॉर्ज बँड सोडून चालता होतो. आणि हे 'लेट इट बी'त नाहीच! मग सोमवारी जॉनही वेळेवर येत नाही. पॉल आणि रिंगो बसलेत, पॉल पुटपुटतो की आता दोघेच उरले. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही आणि डोळे भरून आलेले आपल्याला दिसतात. हसऱ्या म्हटल्या जाणाऱ्या सिनेमात हे आहे.

(हाच जॉर्ज बरोबर वर्षापूर्वी, जानेवारी १९६८ मध्ये, मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्याकडच्या वादकांना घेऊन स्वतःचं संगीत रेकॉर्ड करत होता. तिथे सूत्रं त्याच्या हातात होती. इथे त्याचं गाणं ऐकायला जॉन-पॉलला फुरसत नाही.)

फरक आहे तो वेळेचा. 'लेट इट बी'त 'गेट बॅक' हे गाणं तयार होऊनच समोर येतं. जॅक्सनकडे ते जन्मताना दिसतं: जॉनचा पत्ता नाही, पॉल बेसवर गिटारसारखे कॉर्ड खरवडतोय, शब्दांच्या जागी नुसते हुंकार, जॉर्ज चक्क जांभई देतोय. आणि दोनेक मिनिटांत त्या खरवडण्यातून ओळखीची चाल वर येते. मी हा तुकडा किती वेळा मागे नेऊन पाहिला, विचारू नका.

आवाजाचंही तसंच. कॅमेऱ्याला बोलणं कळू नये म्हणून ही मंडळी बोलता बोलता गिटार मोठ्याने वाजवत राहायची. जॅक्सनच्या टीमने कॉम्प्युटरला शिकवून गिटार वेगळी केली आणि खालचं बोलणं वर काढलं. कॅन्टीनमध्ये फुलाच्या कुंडीत लपवलेल्या माइकवर टिपलेलं जॉन-पॉलचं खासगी बोलणंही त्यात आहे. ते ऐकताना मला जरा चोरट्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू.

तरी 'लेट इट बी' टाकाऊ समजू नका. गच्चीच्या दुसऱ्या दिवशी, ३१ जानेवारीला, तळघरात वाजवलेली गाणी सलग ऐकायची तर तिकडेच जावं लागतं. जॅक्सन गाणी फार तोडतो. २०२४ मध्ये स्वच्छ केलेली प्रत आली, तिच्यात अंधारही बराच ओसरलाय.

शेवट मात्र ताडून बघा. 'लेट इट बी' गच्चीवर, जॉनच्या 'ऑडिशन पास झालो असू' या चेष्टेवर संपतं. 'गेट बॅक'मध्ये सगळे जिना उतरून तळघरात जातात, नुकतंच रेकॉर्ड झालेलं ऐकत बसतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला येतात.