स्मोक ऑन द वॉटर

डीप पर्पल या इंग्लिश बँडचे हार्ड रॉक शैलीतील गाणे. मार्च १९७२ मध्ये आलेल्या ‘मशीन हेड’ या अल्बममध्ये ते पहिल्यांदा प्रसिद्ध झाले. गायक इयन गिलन, गिटारवादक रिची ब्लॅकमोर, बासवादक रॉजर ग्लोव्हर, ऑर्गनवादक जॉन लॉर्ड आणि ड्रमर इयन पेस या पाचही जणांच्या नावावर ते आहे. त्याचा सुरुवातीचा गिटारचा तुकडा, म्हणजे रिफ, जगभर ओळखला जातो. शब्दांकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. वास्तविक ते शब्द म्हणजे एका खऱ्या आगीचा, ती डोळ्यांनी पाहिलेल्या माणसांनी दिलेला वृत्तांत आहे.

डिसेंबर १९७१ मध्ये हा बँड स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा सरोवराच्या काठच्या माँत्रो गावी आला होता. रोलिंग स्टोन्स या बँडचा फिरता स्टुडिओ, म्हणजे ध्वनिमुद्रणाची यंत्रे बसवलेला ट्रक, त्यांनी भाड्याने घेतला होता आणि तिथल्या कॅसिनोत अल्बम मुद्रित करायचे ठरले होते. हिवाळ्यासाठी कॅसिनो बंद होण्यापूर्वीचा शेवटचा कार्यक्रम ४ डिसेंबरला फ्रँक झॅपा आणि त्यांच्या मदर्स ऑफ इन्व्हेन्शन या बँडचा होता. कार्यक्रम चालू असताना श्रोत्यांपैकी कोणीतरी फ्लेअर गन, म्हणजे इशाऱ्यासाठी जळता प्रकाशगोळा सोडणारी बंदूक, छताकडे झाडली आणि छताने पेट घेतला. माँत्रो जॅझ महोत्सवाचे संचालक क्लोद नोब्स यांनी आत अडकलेल्या तरुण श्रोत्यांना बाहेर काढण्यासाठी धावपळ केली. कोणाचा जीव गेला नाही, पण इमारत जळून खाक झाली आणि झॅपांच्या बँडची वाद्येही गेली. सरोवरावर पसरत जाणारा धूर डीप पर्पलचे लोक हॉटेलातून पाहत राहिले. गाण्याचे नाव ग्लोव्हर यांना नंतर एका सकाळी जाग येता येता सुचले. गिलन यांना ते आधी अमली पदार्थांवरच्या गाण्याचे नाव वाटले होते.

ज्या सभागृहात मुद्रण करायचे तेच उरले नाही, तेव्हा नोब्स यांनी बँडला गावातल्या पॅव्हिलियन या नाट्यगृहात जागा मिळवून दिली. तिथे या गाण्याचे वादन मुद्रित झाले, पण रात्रीच्या दणदणाटाने आजूबाजूचे लोक वैतागले आणि पोलीस दारात येऊन थडकले. वादन पुरे होईपर्यंत बँडच्या मदतनिसांनी दार आतून दाबून धरले होते. पुढचे काम हिवाळ्यामुळे रिकाम्या पडलेल्या ग्रँड हॉटेलात झाले. आवाज घुमू नये म्हणून बोळांत गाद्या उभ्या केल्या होत्या. बाहेरच्या ट्रकमध्ये जाऊन मुद्रण ऐकायचे तर खोल्या आणि गच्च्या ओलांडत एवढी वळणे घ्यावी लागत की वादकांनी ते ऐकायला जाणेच सोडून दिले. वाजवून समाधान झाले की पुढचे गाणे, असा क्रम लागला. अल्बमच्या रोखठोक बाजाचे श्रेय या अडचणीला द्यायला हवे.

हा सगळा प्रकार गाण्यात जसाच्या तसा येतो. झॅपांचे नाव येते, फ्लेअर गन येते, नोब्स ‘फंकी क्लोद’ म्हणून येतात, मुद्रणाचा ट्रक आणि थंडगार रिकामे हॉटेलही येते. रूपके नाहीत की भावनांची सजावट नाही. त्या काळातील रॉक गीतांमध्ये इतके सरळ कथन क्वचितच सापडते, आणि गाण्याची निम्मी ताकद त्यातच आहे.

उरलेली निम्मी ताकद रिफमध्ये आहे. पाश्चात्त्य ‘जी’ हा षड्ज धरला तर त्याचे स्वर असे पडतात : सा, कोमल ग, म, सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध म, पुन्हा सा, कोमल ग, म आणि कोमल गंधारावरून परत सा. म्हणजे एकूण चारच स्वर. नवशिके बहुधा ते सर्वांत जाड तारेवर एकेक करून वाजवतात. ब्लॅकमोर मात्र तिसरी आणि चौथी तार एकदम वाजवतात, त्यामुळे षड्जाखाली मंद्र पंचम ऐकू येतो आणि ही जोडी शेवटपर्यंत बरोबर सरकते. त्यासाठी ते पिक, म्हणजे तार छेडायची छोटी चकती, वापरत नाहीत, दोन्ही तारा बोटांनी छेडतात. म्हणूनच दोन्ही स्वर एकाच क्षणी सुटतात. पहिल्या फेरीत गिटार एकटी असते. मग हाय-हॅट झांजा आणि गिटारच्या अँप्लिफायरमधून खरखरीत केलेला लॉर्ड यांचा हॅमंड ऑर्गन, त्यानंतर बाकीचे ड्रम, आणि अखेर बास. गाणे असे थराथराने उभे राहते आणि मगच गिलन गाऊ लागतात.

हे गाणे गाजेल असे खुद्द बँडला वाटले नव्हते. त्यांची भिस्त याच अल्बममधील ‘नेव्हर बिफोर’वर होती. ऑगस्ट १९७२ मधील मैफलींवर आधारलेल्या ‘मेड इन जपान’ या अल्बमने या गाण्याचा खरा जोर लोकांपुढे आणला. १९७३ मध्ये ते स्वतंत्रपणे निघाले आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढले.

पुढे हा रिफ गिटार शिकणाऱ्यांचा पहिला धडाच होऊन बसला. मुंबई-पुण्यातल्या गिटारच्या क्लासांतही तो हमखास कानावर पडतो. २००७ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस सिटीत हजाराहून अधिक गिटारवादकांनी विक्रमासाठी तो एकत्र वाजवला. माँत्रोत सरोवराकाठी या गाण्याचे स्मारक आहे. कॅसिनो १९७५ मध्ये पुन्हा उभा राहिला. ‘मशीन हेड’ची २०२४ मधील नवी आवृत्ती फ्रँक झॅपांचे पुत्र ड्विझिल यांनी मिक्स केली.

गाण्याचा सर्वांत मोलाचा उपयोग आर्मेनियासाठी झाला. तिथे डिसेंबर १९८८ मध्ये भीषण भूकंप झाला. मदतनिधीसाठी १९८९ मध्ये गिलन आणि ब्लॅकमोर यांच्यासह ब्रायन मे, डेव्हिड गिल्मोर, टोनी आयोमी, ब्रूस डिकिन्सन अशा वेगवेगळ्या बँडच्या कलावंतांनी हे गाणे नव्याने मुद्रित केले. गिलन आणि आयोमी यांचे आर्मेनियाशी जडलेले नाते पुढेही टिकले. २०११ मध्ये त्यांनी ‘हूकेअर्स’ या नावाने नवी गाणी काढली आणि त्यातून भूकंपग्रस्त ग्युम्री शहरातील संगीतशाळेच्या उभारणीसाठी पैसा जमवला.