‘पोळा अन् पाऊस झाला भोळा’: पण नदीचं तसं नाही

पोळा सरला की पुराची भीती सरली, असं वैनगंगेकाठी सर्रास मानतात. हे चूक आहे. 2020 साली पोळा 18 ऑगस्टला झाला आणि महिनाअखेरीस भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीतली गावं पाण्यात गेली. ते पाणी प्रामुख्याने मध्य प्रदेशातलं होतं.

सप्टेंबरातही बंगालच्या उपसागरावरचे कमी दाबाचे पट्टे ओडिशा, छत्तीसगडवरून विदर्भात येतात. परतीचा पाऊस विदर्भातून ऑक्टोबरातच निघतो. तोवर जमीन चिंब आणि धरणं भरलेली असतात. नवं पाणी साठवायला जागाच नसते, म्हणून वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची 33 दारं लागेल तशी उघडावी लागतात. गावावर ऊन असलं तरी पूर येतो तो असा.

आणखी एक धोका नदीच्या पाण्याच्या उलट्या दाबाचा. मोठी नदी फुगली की नाल्याचं पाणी तिच्यात शिरत नाही, उलटं शेतात पसरतं. गडचिरोलीतल्या भामरागडात पर्लकोटा नदीचं दरवर्षी असंच होतं.

विसर्गाचा, म्हणजे धरणातून पाणी सोडण्याचा, इशारा येताच आधी वीज बंद करा, मग मोटर व स्टार्टर उंचावर हलवा. जनावरांची दावी सोडा. बांधलेलं जनावर गोठ्यातच बुडतं. रपट्यावर, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावर, दोन फूट वाहतं पाणी जीपही ओढून नेतं.