खेळाडू आरोपी असतो तेव्हा: सवलत नेमकी कुठे मिळते?

१ जानेवारी १९८९ची पहाट. लॉस एंजेलिसच्या ब्रेंटवुड भागातून पोलिसांना मदतीसाठी फोन गेला. अधिकारी फाटकाशी पोहोचला तेव्हा झुडपातून एक बाई धावत बाहेर आली. चिखलाने माखलेली, ओठ फुटलेला, डोळा काळानिळा. ती निकोल ब्राऊन सिम्पसन, अमेरिकन फुटबॉलचा मोठा तारा ओ. जे. सिम्पसन याची पत्नी. नवरा आपल्याला मारून टाकेल, असं ती सांगत होती. त्याच दमात तिने पोलिसांनाही सुनावलं: तुम्ही आठ वेळा इथे येऊन गेलात, त्याच्याशी बोलता आणि निघून जाता. अटक होणार हे कळल्यावर सिम्पसन कपडे बदलायला म्हणून आत गेला आणि आपली बेंटली काढून निघून गेला.

पुढे खटला उभा राहिला. गुन्हा कबूल नाही, पण आरोपाला आव्हानही देत नाही, अशी भूमिका सिम्पसनने घेतली. शिक्षा झाली ती दोन वर्षांची परिविक्षा (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळं राहणं), १२० तास समाजसेवा आणि थोडा दंड. समुपदेशनाची अट होती, पण ते फोनवरून घ्यायची मुभा मिळाली. जाहिरातीचं कामही चालू राहिलं. १२ जून १९९४ रोजी निकोल आणि तिचा मित्र रॉन गोल्डमन यांचा खून झाला. दुहेरी खुनाच्या आरोपीला पोलिस एरवी जाऊन उचलतात. सिम्पसनला १७ जूनला सकाळी ११ वाजता आपणहून हजर व्हायला सांगण्यात आलं. तो हजर झालाच नाही, आणि संध्याकाळी पांढऱ्या ब्रॉन्को गाडीचा तो पाठलाग अमेरिकेत सुमारे साडेनऊ कोटी लोकांनी टीव्हीवर पाहिला.

चर्चा नेहमी ३ ऑक्टोबर १९९५च्या निर्दोष निकालाची होते. पण विशेष वागणुकीचा शोध घ्यायचा तर निकालापाशी थांबून फारसं हाती लागत नाही. तिथे ज्युरी असते, कॅमेरे असतात, दोन्ही बाजूंचे वकील असतात. सवलत बहुतेक वेळा त्याआधीच देऊन झालेली असते: त्या आठ फेऱ्यांमध्ये, फोनवरच्या समुपदेशनात. फिर्याद नोंदवायची की नाही, अटक करायची की समज द्यायची, फुटेज आज मागवायचं की पुढच्या आठवड्यात, कुठलं कलम लावायचं, हे निर्णय एकेका माणसाच्या हातात असतात. त्यांची नोंद धड राहत नाही आणि त्यांच्याविरुद्ध अपीलही करता येत नाही.

याची मुळं जुनी आहेत. १९१९च्या बेसबॉल वर्ल्ड सिरीजमध्ये पैसे घेऊन सामने हरल्याचा आरोप शिकागो व्हाइट सॉक्सच्या आठ खेळाडूंवर आला. सामना ठरवून हरणं हा इलिनॉय राज्यात तेव्हा स्वतंत्र गुन्हा नव्हता, म्हणून सरकारी पक्षाला फसवणुकीच्या कटाचं कलम शोधावं लागलं. त्यातच काही खेळाडूंनी दिलेल्या कबुलीजबाबांची कागदपत्रं सरकारी दप्तरातून गायब झाली. ऑगस्ट १९२१मध्ये तीन तासांच्या आत ज्युरीने सगळ्यांना सोडलं. गायब झालेली कागदपत्रं १९२४मध्ये दुसऱ्याच एका दाव्यात उगवली, ती संघमालकाच्या वकिलाकडून. कागद कुणाच्या सोयीचे होते, हे वेगळं सांगायला नको.

निकालाच्या दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचे नवे आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांनी, ज्युरी काहीही म्हणो, असं सांगत आठही जणांवर कायमची बंदी घातली. इथून दोन समांतर वाटा सुरू झाल्या. एक न्यायालयाची, दुसरी खेळाच्या मालकांची. दुसऱ्या वाटेवर पुराव्याचा दर्जा कमी लागतो आणि निर्णय झटपट होतो. पण तिथे चिंता खेळाच्या नावाची असते, फिर्यादीची नाही. पैज आणि लाचेच्या प्रकरणांत ही वाट कडक राहिली, कारण तिकीट विकत घेणाऱ्याचा विश्वास उडाला तर धंदा बसतो. घरात बायकोला मारहाण झाली तर मात्र ती ‘खासगी बाब’ ठरायची. अमेरिकेतल्या बेसबॉल लीगने कौटुंबिक हिंसेसाठी खेळाडूंच्या संघटनेबरोबर लेखी धोरण केलं ते थेट ऑगस्ट २०१५मध्ये.

प्रसिद्धी नेहमी आरोपीच्या बाजूनेच असते, असंही नाही. हेवीवेट मुष्टियुद्धाचा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता जॅक जॉन्सन याच्यावर गोऱ्या स्त्रीबरोबरच्या संबंधांवरून मान कायद्याखाली, म्हणजे ‘अनैतिक’ हेतूने स्त्रीला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्याला बंदी घालणाऱ्या कायद्याखाली, खटला भरला गेला. १९१३मध्ये सगळ्या गोऱ्या ज्युरीने त्याला दोषी ठरवलं आणि एक वर्ष एक दिवसाची शिक्षा झाली. तो देश सोडून पळाला, १९२०मध्ये परतून शिक्षा भोगली, आणि माफी मिळाली ती २०१८मध्ये, मृत्यूनंतर ७२ वर्षांनी. त्याचं नाव मोठं नसतं तर सरकार त्याच्या मागे इतकं हात धुऊन लागलं नसतं. मोठं नाव ढाल होणार की निशाण, हे त्या समाजाला तो माणूस हवा आहे की नको यावर ठरतं.

१९९२मध्ये इंडियानापोलिसच्या न्यायालयाने मुष्टियोद्धा माइक टायसनला बलात्काराबद्दल सहा वर्षांची शिक्षा दिली. तारा दोषी ठरू शकतो, याचा दाखला म्हणून हा खटला आजही दिला जातो. मार्च १९९५मध्ये तो सुटला. ऑगस्टमध्ये रिंगणात उतरला आणि त्या एका लढतीचे सुमारे अडीच कोटी डॉलर त्याला मिळाले. न्यायालयाने आपलं काम केलं होतं, पण बाजाराची शिक्षा वेगळी असते. ती बहुधा झालीच नाही.

आकडे काय सांगतात? ईएसपीएनने २०१५मध्ये दहा विद्यापीठांच्या गावांतल्या पोलिस नोंदी तपासल्या. २००९ ते २०१४ या काळातल्या फुटबॉल आणि बास्केटबॉल खेळाडूंची प्रकरणं त्याच गावातल्या त्याच वयाच्या इतर पुरुषांशी ताडून पाहिली. फ्लोरिडा विद्यापीठाच्या खेळाडूंच्या बाबतीत ५६ टक्के प्रकरणांत आरोप लागलेच नाहीत, मागे घेतले गेले किंवा खटला चालला नाही. इतर तरुणांच्या बाबतीत हे प्रमाण २८ टक्के. फ्लोरिडा स्टेट या दुसऱ्या विद्यापीठात ७० विरुद्ध ५०. प्रत्येक गावात तफावत इतकी मोठी नव्हती, म्हणून हा सार्वत्रिक नियम मानू नये. पण कारणं पुन्हा पुन्हा तीच निघाली: नामांकित वकील काही तासांत हजर होणं, खेळ विभागाच्या माणसांनी तपासात लुडबूड करणं, आणि गावभर चाहते असताना साक्ष द्यायला लोकांनी कचरणं. ‘केस दाबा’ असा फोन कुणी केला असेल असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात अशा फोनची गरजच पडत नाही.

फ्लोरिडा स्टेटच्या फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक (चढाईचा सूत्रधार) जेमीस विन्स्टन याचं प्रकरण याच गावातलं. डिसेंबर २०१२मध्ये एका विद्यार्थिनीने बलात्काराची तक्रार दिली. काही आठवड्यांत तिने विन्स्टनचं नावही सांगितलं. ज्या बारमध्ये ती रात्र सुरू झाली तिथे तीसहून अधिक कॅमेरे होते. त्यांचं फुटेज पोलिसांनी वेळेत घेतलं नाही, आणि ते पुसलं गेलं. विन्स्टनचा डीएनए नमुना घेतला गेला तो जवळपास अकरा महिन्यांनी, बातमी फुटल्यावर. तपास अधिकारी विद्यापीठाच्या क्रीडा-समर्थक संस्थेसाठी फावल्या वेळात खासगी सुरक्षेचं काम करत असल्याचंही पुढे आलं. ५ डिसेंबर २०१३ रोजी सरकारी वकिलांनी पुरावा अपुरा म्हणून आरोप ठेवला नाही. नऊ दिवसांनी विन्स्टनला हाइझमन करंडक, म्हणजे विद्यापीठ फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा सन्मान, मिळाला. संबंध संमतीने होते, असं त्याने कायम म्हटलं आहे. तो दोषी होता असं कुणी म्हणू शकत नाही, आणि तपासाने त्याला स्वच्छ ठरवलं असंही म्हणता येत नाही. ढिल्या तपासाने नुकसान होतं ते असं, दोघांचंही. विद्यापीठाने जानेवारी २०१६मध्ये चूक मान्य न करता साडेनऊ लाख डॉलर देऊन दावा मिटवला.

अमेरिकन फुटबॉलपटू रे राइसच्या प्रकरणात पुराव्याची वानवा नव्हती. फेब्रुवारी २०१४मध्ये अटलांटिक सिटीच्या कॅसिनोत लिफ्टमध्ये त्याने होणाऱ्या बायकोला ठोसा मारला, ती बेशुद्ध पडली. लिफ्टमधलं चित्रीकरण सरकारी वकिलांच्या हातात होतं. ग्रँड ज्युरीने (खटला चालवावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) गंभीर मारहाणीचा आरोप निश्चित केला. तरी मे महिन्यात त्याला खटलापूर्व सुधारणा कार्यक्रमात घेतलं गेलं: वर्षभर अटी पाळायच्या की आरोप रद्द. न्यू जर्सीत ही सोय पहिल्याच गुन्ह्यात सापडलेल्यांसाठी असते, पण हिंसेच्या प्रकरणात ती फार क्वचित दिली जाते. त्याच सुमारास त्याच काउंटीत फिलाडेल्फियाची एक एकटी आई उभी होती. वाहतूक पोलिसाने गाडी थांबवल्यावर आपल्याकडे पिस्तूल आणि पेनसिल्व्हेनियाचा परवाना आहे, हे तिने स्वतःहून सांगितलं. न्यू जर्सीत तो परवाना चालत नाही. तिला मात्र हाच कार्यक्रम नाकारला गेला आणि डोक्यावर किमान तीन वर्षांचा तुरुंग टांगला गेला. दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवून लोकांनी ओरड केल्यावर सप्टेंबरमध्ये तिलाही तो मिळाला.

८ सप्टेंबर २०१४ला लिफ्टमधली चित्रफीत जगाने पाहिली. आधी दोन सामन्यांची बंदी देऊन मोकळ्या झालेल्या फुटबॉल लीगवर, म्हणजे एनएफएलवर, सगळा राग निघाला. संघाने राइसला काढलं, लीगने बेमुदत बंदी घातली. एकाच कृत्यासाठी दोनदा शिक्षा दिली म्हणून निवृत्त न्यायाधीश असलेल्या लवादाने ती बंदी नोव्हेंबरमध्ये रद्द केली. आरोप रद्द झाला मे २०१५मध्ये. राग चुकीचा नव्हता, पण तो चुकीच्या दारावर जास्त वाजला. चित्रफीत पाहूनही सवलत देणारं कार्यालय सरकारी वकिलांचं होतं.

बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटच्या प्रकरणात तर सगळे टप्पे पार झाले होते. २००३च्या उन्हाळ्यात कोलोरॅडोत लैंगिक अत्याचाराची फिर्याद, अटक, आरोप सारं रीतसर झालं. मग न्यायालयाच्याच कर्मचाऱ्यांकडून फिर्यादीचं नाव चुकून संकेतस्थळावर गेलं. बंद दाराआडच्या सुनावणीचा उतारा सात माध्यमसंस्थांना ईमेलने गेला. तिला ठार मारण्याच्या धमक्या आल्या. १ सप्टेंबर २००४ला, ज्युरी निवडली जात असताना, साक्ष द्यायला ती तयार नाही म्हणून आरोप मागे घेतले गेले. दिवाणी दावा पुढच्या मार्चमध्ये गुप्त रकमेवर मिटला. ब्रायंटला इथे कुणी उघड सवलत दिली नाही. त्याच्या प्रसिद्धीचा सगळा भार दुसऱ्या बाजूवर पडला, आणि तो पेलण्याची सोय व्यवस्थेकडे नव्हती.

अपिलाचा हक्क किती मोलाचा आहे, ते दक्षिण आफ्रिकेत दिसतं. धावपटू ऑस्कर पिस्टोरियसने १४ फेब्रुवारी २०१३ रोजी बंद दारातून गोळ्या झाडून आपली मैत्रीण रीव्हा स्टीनकॅम्पला मारलं. सदोष मनुष्यवध ठरून पाच वर्षं झाली, त्यातलं एक वर्ष भोगून तो घरी नजरकैदेत गेला. तिथे कायद्याच्या मुद्द्यावर सरकार पक्षही अपील करू शकतो. त्या अपिलात डिसेंबर २०१५मध्ये खून ठरला. खालच्या न्यायालयाने पुन्हा सहाच वर्षं दिली. २०१७मध्ये वरिष्ठ न्यायालयाने पंधरा वर्षांच्या किमान शिक्षेतून भोगलेला काळ वजा करून १३ वर्षं ५ महिने केली. अमेरिकेत एकदा निर्दोष सुटलं की सरकारला ही वाट बंद असते.

भारतात ती उघडी आहे, पण लांब आहे. २७ डिसेंबर १९८८ला पतियाळात गाडीवरून झालेल्या भांडणात ६५ वर्षांचे गुरनाम सिंग मारहाणीनंतर मरण पावले. आरोपी नवज्योतसिंग सिद्धू १९९९मध्ये सुटले. २००६मध्ये उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षं दिली. लगेच पुढच्या वर्षी दोषसिद्धीलाच स्थगिती मिळाली आणि ते अमृतसरची पोटनिवडणूक लढले. इथे क्रिकेट कुठे संपतं आणि राजकारण कुठे सुरू होतं, हे वेगळं काढता येत नाही. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फक्त साध्या दुखापतीचं कलम ३२३ धरलं आणि हजार रुपये दंड केला. पुनर्विचार याचिकेवर १९ मे २०२२ला त्याच न्यायालयाने एक वर्ष सश्रम कारावास दिला, त्या कलमातली कमाल शिक्षा. निकालातला एक मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे: मुष्टियोद्धा, पैलवान, क्रिकेटपटू किंवा कमालीच्या तंदुरुस्त माणसाचा हात हेसुद्धा शस्त्र ठरू शकतं. ज्या शरीराने नाव मिळवून दिलं, तेच शिक्षा वाढवण्याचं कारण झालं. मात्र त्याला ३३ वर्षं लागली.

दिल्लीत ४ मे २०२१च्या रात्री छत्रसाल स्टेडियममध्ये मारहाण झाली आणि तरुण पैलवान सागर धनखड मरण पावला. दोन ऑलिम्पिक पदकं मिळवलेला सुशील कुमार आरोपी झाला. पोलिसांनी त्याच्यावर एक लाखाचं इनाम लावलं आणि २३ मे रोजी त्याला पकडलं. पुढच्याच महिन्यात, त्याला दुसऱ्या तुरुंगात नेताना पोलिस त्याच्यासोबत हसत फोटो काढत असल्याची छायाचित्रं फिरली. प्रथिनांची पावडर, ओमेगा-३ आणि खास आहार तुरुंगात मिळावा, हा त्याचा अर्ज न्यायालयाने त्या अत्यावश्यक गरजा नाहीत म्हणून फेटाळला. एकाच महिन्यात व्यवस्थेचे दोन चेहरे दिसले, एक रस्त्यावरचा आणि एक कागदावरचा.

मार्च २०२५मध्ये उच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला. सागरच्या वडिलांनी त्याला आव्हान दिलं. तोवर खटल्यातले बरेच साक्षीदार फितूर झाले होते. १३ ऑगस्ट २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने जामीन रद्द केला आणि आठवड्याभरात शरण यायला सांगितलं. सुशील नामांकित पैलवान आहे, देशाचं प्रतिनिधित्व केलेला ऑलिम्पियन आहे, समाजात त्याचं वजन आहे, हे सगळं न्यायालयाने मान्य केलं. आणि म्हणूनच तो साक्षीदारांवर दबाव आणू शकणार नाही असं म्हणता येत नाही, असं नोंदवलं. बचाव पक्ष जी प्रतिष्ठा जामिनासाठी पुढे करतो, तीच इथे जामीन नाकारण्याचं कारण झाली. सुशीलने आरोप नाकारले आहेत.