माशांतील पारा

पाण्यात उतरलेल्या पाऱ्याचे सूक्ष्मजीव मिथाइल मर्क्युरी या सेंद्रिय संयुगात रूपांतर करतात. हे संयुग अन्नसाखळीतून चढत जाऊन माशांच्या मांसात साठते. थर्मामीटरमधला पारा चुकून गिळला, तर आतड्यातून तो जवळजवळ शोषला जात नाही. त्याचा धोका वाफेत असतो. मिथाइल मर्क्युरी मात्र सुमारे ९५ टक्के रक्तात जाते.

कोळशात पारा नाममात्र असतो, पण कोळसा जळतो तो हजारो टनांनी. नाशिकजवळच्या एकलहऱ्यासारख्या औष्णिक वीजकेंद्रात काय किंवा सिमेंटच्या भट्टीत काय, सगळा पारा राखेत अडकत नाही. काही भाग वाफ होऊन धुराड्यातून निघतो. ही वाफ महिनोन् महिने हवेत राहते, जगभर फिरते आणि शेवटी पावसाबरोबर उतरते. त्यामुळे अमुक माशातला पारा अमुक चिमणीचा, असे बोट दाखवता येत नाही. मानवी उत्सर्गाचा सर्वांत मोठा वाटा छोट्या प्रमाणावरील सोन्याच्या खाणकामाचा आहे. समुद्राच्या वरच्या १०० मीटर थरातील पारा औद्योगिक युगापूर्वीच्या तुलनेत सुमारे तिपटीवर गेला आहे.

मिथाइल रूप मुख्यतः ऑक्सिजन कमी असलेल्या ठिकाणी बनते : तळचा गाळ, खाजण, समुद्रातील मधले थर. अरबी समुद्रात असा कमी ऑक्सिजनचा थर विशेष जाड आहे. नव्या धरणात बुडालेली माती आणि झाडोरा कुजत असतानाही हे प्रमाण काही वर्षे वाढते, मग ओसरते. नाशिकच्या गंगापूरसारख्या जुन्या धरणात तो काळ मागे पडलेला असतो. पाण्यातून वनस्पती-प्लवकात (तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींत) जाताना संयुगाची तीव्रता दहा हजार पटींहून अधिक वाढते. पुढे प्रत्येक खाणाऱ्यात ती चढतच जाते.

म्हणून पारा किती, हे माशाचे वय, आकार आणि आहार ठरवतात, ताजेपणा नाही. नाशिकला समुद्री मासळी बर्फात, प्रामुख्याने मुंबईहून कसारा घाटमार्गे येते. त्यात तारली, मांदेली, बांगडा हे अल्पायुषी मासे पाऱ्याच्या दृष्टीने निर्धास्त. सुरमई शिकारी जातीची. ताटभर रुंद तुकडीसाठी गिऱ्हाईक मोठीच सुरमई मागते आणि भावही तिलाच जास्त, पण पारा कमी हवा असेल तर किलोभराची सुरमई बरी. जून-जुलैत समुद्री मासेमारी बंद असताना बाजारात रोहू-कटल्याचा भर असतो. हे प्लवक आणि वनस्पतींवर वाढणारे मासे असल्याने त्यांत पारा सहसा कमीच असतो. मरळ मात्र गोड्या पाण्यातली शिकारी.

आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीची मिथाइल मर्क्युरीसाठीची मर्यादा आठवड्याला शरीराच्या दर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम आहे. ५५ किलोच्या बाईसाठी ती ८८ मायक्रोग्रॅम होते. अमेरिकी तपासण्यांत शार्क आणि तलवारमाशात किलोमागे सरासरी १ मिलिग्रॅमच्या आसपास पारा आढळतो, म्हणजे ८८ ग्रॅमची एकच तुकडी आठवडा भरून काढते. सार्डिनची (तारलीच्या जातीच्या माशाची) सरासरी ०.०१३ मिलिग्रॅम, तेवढ्याच पाऱ्यासाठी साडेसहा किलोंहून अधिक मासे खावे लागतील. या हिशेबाने गरोदरपणात मासे साफ सोडणे चुकीचे. मोठे शिकारी मासे टाळून लहान मासे खावेत. दूध वाढावे म्हणून बाळंतिणीला मोरीचे, म्हणजे शार्कचे, कालवण देण्याची कोकणातली चाल आहे. तेव्हा निदान मोरी लहान निवडावी.

मिथाइल मर्क्युरी प्रथिनांना चिकटते, चरबीला नाही. त्यामुळे कातडी काढून, मीठ-हळद चोळून, चिंचेच्या किंवा कोकमाच्या पाण्यात ठेवून ती जात नाही. तळताना पाणी उडते आणि ग्रॅममागचे प्रमाण उलट किंचित वाढते. सुकटीत ते आणखी वाढते, मात्र सुकट ताटात चमचाभरच येते.

हे संयुग मज्जासंस्थेवर, विशेषतः गर्भाच्या मेंदूवर परिणाम करते. वार ओलांडून नाळेच्या रक्तात ते आईच्या रक्ताहून जास्त भरते. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातून या विषबाधेचा आजार पसरला आणि १९५६ मध्ये त्याची अधिकृत नोंद झाली. त्या गावाच्या नावाचा पाऱ्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २०१७ मध्ये लागू झाला; भारताने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली. शरीरातील प्रमाण निम्मे व्हायला साधारण ५० ते ७० दिवस लागतात. तपासणी रक्ताची किंवा केसांची करावी. लघवीच्या तपासणीत माशातून आलेला पारा जवळपास दिसतच नाही, कारण तो पित्तावाटे विष्ठेतून बाहेर पडतो. असा अहवाल ‘नॉर्मल’ आला तरी त्यावरून काही ठरत नाही.